शिवी खायला सुव्याला

जुनं शहर बघायला येणाऱ्या माणसाची फार माफक अपेक्षा असते: आपण गेलो त्या दिवशी शहराने श्वास रोखून धरावा, आणि परत येईपर्यंत सोडू नये. फिजीच्या राजधानीने, माझ्या सुव्याने, माझं एवढंही ऐकलं नाही. मी तीसेक वर्षं ब्रिस्बेनमध्ये ज्याच्या नावाने उसासे टाकत होते, त्या सिनेमा थिएटरात आता कंबरदुखीची मलमं विकतात. आमच्या पिढीची सोय बघून केलं असावं.

"आकेनेता, रडून झालं असेल तर चल," माझी मावसबहीण वासीती म्हणाली. "इनोके आठवडाभर वाट बघतोय. सगळ्या मार्केटला सांगत सुटलाय, माझी तौवू येतेय म्हणून."

आमचं गाव आणि इनोकेचं बेट तौवू आहेत. म्हणजे दोघांचा मूळपुरुष एकच, आणि त्या पुण्याईने दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांचा वाटेल तसा उद्धार करायची, एकमेकांच्या वस्तू न विचारता उचलायची मुभा. रागवायचं नाही, उलट दोन जास्त ऐकवायच्या. विशीत आम्ही दोघं बंदरावरच्या एका कचेरीत कामाला होतो. तो माझ्या चपला लपवायचा, मी त्याच्या डब्यातला मासा खायचे. माझ्या आईच्या मयतात सगळे माना खाली घालून बसले असताना हाच म्हणाला होता, "मावशी सुटली बिचारी, आता हिच्या हातचं खावं लागणार नाही." त्या दिवशी मी हसले म्हणून जगले.

मार्केटच्या वरच्या मजल्यावर इनोके यांगोनाची मुळं विकतो; आमच्याकडे ती कुटून, पाण्यात कालवून पितात. मला बघताच तो गाळ्यावरून ओरडला, "अरे, ही म्हातारी शार्क कुठून वाहत आली? ब्रिस्बेनवाल्यांनी नापास करून परत पाठवली काय?" आणि माझ्या डोक्यावरचा गॉगल काढून त्याने सरळ स्वतःच्या नाकावर चढवला.

सगळे गाळेवाले माझ्याकडे बघायला लागले. आता मी काय बोलावं? मी म्हणाले, "सॉरी, तो माझा आहे."

तीस वर्षं रांगेत नीट उभं राहिलं की माणसाचं असं होतं.

इनोकेने गॉगल काढला, सदऱ्याला पुसला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "माफ करा, मॅडम." मग माझ्यासाठी खुर्ची आणली, चहा आणवला आणि ब्रिस्बेनच्या हवेची चौकशी केली. एवढा मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. चहा तसाच ठेवून मी उठले.

"छान केलंस," जिन्यात वासीती म्हणाली. "पुढच्या वेळी त्याच्याकडून पावती माग."

त्या रात्री हॉटेलच्या आरशासमोर उभं राहून मी शिव्यांचा सराव केला. ब्रिस्बेनमध्ये मी लोकांना फक्त पत्रातून झापते, तेही 'आपली नम्र' लिहून. "तू... तू फार बेजबाबदार आहेस," मी आरशाला म्हणाले. आरशालाही माझी कीव आली असेल. मला भीती वाटत होती. शहर बदललं तर बदलो, थिएटर गेलं तर जावो. पण मला हक्काने शिवी देणारा हा शेवटचा माणूस होता. त्याने मला पाहुणी ठरवलं, तर मी सुव्याची कोण?

परतीच्या दिवशी विमानतळाला जाण्याआधी मी पुन्हा मार्केटात गेले. इनोके उठून उभा राहिला. "या मॅडम, बसा."

मी बसले नाही. गॉगल त्याच्या तराजूशेजारी ठेवला आणि मुळांचे गठ्ठे निरखून बघितले. मग त्यातला सगळ्यात जाड, सगळ्यात महाग गठ्ठा उचलून काखेत मारला.

"हा नेते मी," मी म्हणाले. "तुमच्या बेटावरच्या माकडतोंड्यांना तशीही याची चव कळत नाही."

शेजारची बाई भाजी तोलता तोलता थांबली. इनोकेच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मी वळले आणि जिन्याकडे चालायला लागले. मागून काहीच आवाज येईना. जिन्याची पहिली पायरी उतरले, दुसरी उतरले. संपलं, मी मनात म्हटलं.

"चोर! पकडा त्या सुकट बोंबलीला!"

आख्खा मजला हसला.

"यांचं गावच चोरट्यांचं! एक ब्रिस्बेनला शिकायला पाठवली, तर तिथून पदवी घेऊन आली! आणि म्हातारे, मरशील तेव्हा आधी कळव, मला नवा शर्ट शिवायचाय!"

मी तिथेच पायरीवर बसले आणि गठ्ठा मांडीवर घेऊन ढसाढसा रडले. येणारेजाणारे मला ओलांडून जात होते.

"गॉगल विसरलीस गं, आंधळे!" वरून पुन्हा आवाज आला. "आता तो माझा!"

मी तो मागायला वर गेले नाही.