जांभळ्या फुलांचा काढा

"दूध नाही, साखर नाही, मग हा चहा कसला मेल्यांचा?" जानकीने पुडी नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं. आतली सुकी जांभळी फुलं पावडरच्या डब्यासारखी घमघमत होती.

तिचा मुलगा जयवंत आरशासमोर भांग पाडत होता. अंधेरीला तो ज्या बाईंची गाडी चालवायचा, त्यांच्या भावाने ही फुलं विलायतेहून आणली होती. "लॅव्हेंडर म्हणतात. बाई रोज पितात, डोकं एकदम थंड. उकळत्या पाण्यात टाक, झाकण ठेव, गाळ. बस. बाबांना चारच्या आत पाज. त्यांनी आज तोंड उघडलं ना, तर माझी वाट लागली."

चार वाजता जयवंतच्या लग्नाचं बोलायला मुलीचे वडील येणार होते. गुणाजी. जानकीच्या नवऱ्याच्या, धोंडूच्या गिरणीतल्या खात्यातलाच. संपाच्या सहाव्या महिन्यात संप मोडून पोलिसांच्या गाडीत बसून कामावर गेलेला. धोंडूला गिरणीने परत घेतलंच नाही. तीन वर्षं तो घाटकोपरच्या या खोलीत बसून गुणाजीला शिव्या घालत होता. आणि पोराला नेमकी त्याचीच मुलगी प्रेमा आवडली होती.

जानकीला सगळ्याचीच शिसारी आली. गुणाजीची, त्या वासाची, बापाला गप्प करायला निघालेल्या पोराची. तरी हात चालूच होते. औषध म्हटलं की काढा, आणि काढा म्हटलं की पेलाभर पाण्याचा पाव पेला, एवढंच तिला ठाऊक. मूठभर फुलं आणि ठेचलेलं आलं टाकून तिने ते स्टोव्हवर रटरटू दिलं. खोलीभर साबणाचा वास कोंदला. चमचाभर चाखलं, तर कडू जहर. ती मोरीत थुंकली.

धोंडूपुढे पेला ठेवताना वाटलं, आता भिरकावतील. भिरकावावाच.

"ह्यां काय गो?"

"काढो. जयवंतान आणल्यान."

"माका खोकलो नाय, ताप नाय."

धोंडूने पोराच्या पाठीकडे पाहिलं.

"गुणाजी कितीक वाजता येतलो?"

"चारांक."

त्याने पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही.

"पोराक सांग, मी काय बोलूचंय नाय."

पोर दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने वळूनही पाहिलं नाही. जानकीला स्वतःच्या हातांचीच किळस आली.

गुणाजी वेळेवर आला. धोंडू उठला, खांद्यावरच्या पंच्याने खुर्ची पुसली आणि त्याच्यापुढे सरकवली.