गॅलरीतले गज

साखऱ्याजवळच्या आमच्या बंजारा तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, माझे सासरे धनसिंग मामाजी. तीजेच्या सणाला गहू पेरलेल्या टोपल्या नायकाच्याच घरी ठेवतात आणि तांड्यातल्या पोरी रोज त्यातल्या गव्हाला पाणी घालायला येतात. म्हणून नव्या घराला त्यांनी समोर मोठी गॅलरी काढायला लावली. बांधकाम माझ्या धाकट्या गवंडी भावाकडं, प्रेमदासकडं. मला प्रश्न विचारल्याशिवाय घास उतरत नाही, त्यामुळं त्याचे फार हाल झाले.

"बैठकीच्या बीमात जाड गज खाली अन् गॅलरीत वर, असं काहून रे?"

वैतागून त्यानं एक काकडी घेतली, वरून आणि खालून चिरा पाडल्या. दोन विटांवर ठेवून मध्ये दाबली, तर खालच्या चिरा उघडल्या. मग एक टोक विटेखाली धरून गॅलरीसारखं बाहेर आलेलं दुसरं टोक दाबलं, तर वरच्या चिरा फाकल्या.

"जिथं फाकते तिथं लोखंड, ताई. सिमेंटाला दाबलेलं सोसते, ताणलेलं न्हाई."

मला इतका आनंद झाला की मी आणखी दोन काकड्या वाया घालवल्या.

स्लॅबच्या दिवशी मामाजींनी पूजा मांडली ती नेमकी गॅलरीच्या गजांच्या जाळीवर. हळदीकुंकू वाहायला तांड्यातल्या बाया चढल्या. नायकाच्या घरचं काम, मागं कोण राहील? बाया उतरल्या तेव्हा गजांखालचे टेकू आडवे झाले होते आणि जाळी तळाच्या फळ्यांना टेकली होती. मामाजी अजून तिच्यावरच उभे. प्रेमदास खाली मिक्सरपाशी होता आणि मालाची पहिली पाटी वर येत होती.

चारचौघांत सासऱ्यांना सुनेनं सांगायचं, की तुमच्या पूजेनं घोळ झाला? पण याच गॅलरीवर पोरी उभ्या राहणार होत्या.

"थांबा!" मी ओरडले. "मामाजी, लोखंड दबलं. असाच माल टाकला तर गॅलरी पोरींसकट खाली येईल."

"एक नारळ फोडला तेवढ्यानं?" ते कडाडले.

"तुमीच बघा. आधी जाळीवरून उतरा."

रागानं लाल होत ते बाजूच्या फळीवर उतरले. त्यांच्या पायाखालची जाळी दोन बोटं वर उसळली.

मामाजी वाकले, जाळी हातानं दाबली, सोडली, पुन्हा दाबली; खाली टेकू नसल्यानं ती दर वेळी तळाला टेकत होती.

"प्रेमदास, मशीन बंद कर! जाळी वर घे," त्यांनी हाक दिली. मग फळीवरच बसले आणि मला शेजारी जागा करून दिली. "बस इथं. हे वर काहून लागते, ते मला बराबर सांग."