हजार आकाशं आणि एक थंड डाग

मित्रांनो, मी भोसरीतल्या एका भाड्याच्या खोलीतला जुना संगणक आहे, आणि खरं सांगतो, मी पुरता वैतागलो आहे.

माणच्या एका कंपनीत नवा आलो तेव्हा माझं कौतुक झालं. सहा वर्षं मी कामगारांची हजेरी सांभाळली. मग नवे संगणक आले आणि मला मोडक्या खुर्च्यांसोबत टाकून दिलं. तिथून मला धम्मरत्नने आणलं. तो खगोलशास्त्राचा संशोधक विद्यार्थी.

विश्वाच्या बालपणीचा उजेड अजून आकाशभर मंदपणे पसरलेला आहे. त्याच्या तापमानाच्या नकाशात धम्मरत्नला एक डाग फार थंड वाटला. तो नुसता योगायोग असेल का? हे तपासायला मी हजार खोटी आकाशं बनवली, सगळी योगायोगाने घडलेली. त्या आकाराचा तेवढा थंड डाग फक्त तीन आकाशांत निघाला, म्हणजे हा योगायोग नसावा.

धम्मरत्न हरखला. परिषदेसाठी शोधनिबंध लिहायला बसला. मला मात्र विश्रांती नाही. रोज "आणखी एकदा." माझा पंखा घरघरायचा, मी तापायचो.

त्याची आई कस्तुरा वर्कशॉपमध्ये सुटे भाग तपासते. एका दुपारी ती शिफ्ट संपवून आली, तेव्हा त्याने तिला सगळं समजावलं.

"याच आकाराचा डाग का शोधलास?" तिने विचारलं.

"चाळीस आकार बघितले, आई. या एकातच सापडला."

"मग खोट्या आकाशांत पण चाळीस बघितलेस का?"

"नाही. हा एकच."

"चाळीस मापं घ्यायची आणि एक वाकडं आलं की तेवढंच दाखवायचं. आमच्याकडं असा रिपोर्ट आला तर मी सही करत नाही. परत कर."

म्हणजे परत मीच. चार दिवस राबलो. तीनदा वीज गेली, तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली. अखेर आकडा आला. हजारातल्या नव्वद आकाशांत कुठल्या ना कुठल्या आकाराचा तितकाच दुर्मीळ डाग निघाला.

धम्मरत्नने तो आकडा वहीत उतरवला. आता हा आणखी एखादी युक्ती काढून मला जुंपणार, अशी मला धास्ती वाटली. पण त्याने आपल्या मार्गदर्शकांना फोन लावला.

"सर, त्या डागात विशेष काही नाही. हजारात नव्वद."

"मग निबंधाचं काय?"

"हेच लिहितो, सर."

आणि त्याने मला बंद केलं. इथे आणल्यापासूनच्या आठ महिन्यांत पहिल्यांदाच.

मित्रांनो, आम्ही यंत्रं कामाला कंटाळत नाही. पण काय शोधायचं ते आधी ठरवा, किती ठिकाणी शोधलं ते लपवू नका, आणि मनासारखं उत्तर येईपर्यंत आम्हाला तोच प्रश्न विचारत बसू नका.