बासष्ट मिनिटं

टिर्र, टिर्र. दुपारच्या शांततेत मशीन ओरडलं आणि पेल्यातले बुडबुडे थांबले. मी घड्याळ पाहिलं. बासष्ट मिनिटं.

बाबांचं हे ऑक्सिजनचं छोटं मशीन फक्त बाहेर जाताना लागतं. घरात भिंतीला जोडलेलं मोठं आहे. सकाळी चार्जिंग पूर्ण झालं तेव्हा छोट्याच्या पडद्यावर आकडा आला होता, दोन तास दहा मिनिटं. मी हरखलेच. बाबा मात्र म्हणाले, "त्याचं काय ऐकतेस? तो शिंप्याचा वायदा. नळी पाण्यात सोड, घड्याळ लाव आणि बस."

चाळीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलातली मशिनं दुरुस्त केली. ते हॉस्पिटल आता बंद आहे, वीजही तोडली आहे; तिथली तळमजल्यावरची त्यांची खोली शुक्रवारी रिकामी करणार, असा त्यांच्या कामातल्या जोडीदाराचा, तारकाकांचा, फोन आला. तेव्हापासून बाबांचं एकच चाललंय, एकदा तिथे अर्धा तास बसायचंय. नवी बॅटरी मागवली आहे, पण ती यायला महिना.

त्या खोलीत माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या गेल्या. तापलेल्या कथिलाचा वास, डब्याडब्यांतून स्क्रू, आणि उंच स्टुलावर मी, हातात घड्याळ घेऊन. जुन्या बॅटऱ्या किती टिकतात ते मोजायचं काम माझं. निळ्या बटणांचा एक सलाइनचा पंप होता, माझा फार लाडका. एकदा तो पन्नास मिनिटांतच झोपला. तासाच्या आत झोपला की पंप भंगारात. मी कागदावर गुपचूप सत्तर लिहिलं. बाबांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पंप परत चार्जिंगला लावला आणि दुसऱ्या दिवशी माझ्याशेजारी बसून पहिल्यापासून मोजलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाळ, इथे माया करायची नाही. तुझा आकडा खरा धरून कुणीतरी पेशंटला या पंपाच्या बॅटरीवर लिफ्टमध्ये नेणार."

"किती गं?" आतून बाबांनी विचारलं.

माझ्या जिभेच्या टोकावर नव्वद आलं होतं.

"बासष्ट."

"तिसरा हिस्सा सोड."

ही त्यांची जुनी रीत. मोजलेल्या वेळातला तिसरा हिस्सा अडीअडचणीला राखायचा, त्याला हात लावायचा नाही.

"एक्केचाळीस राहतात, बाबा."

"जायला वीस, यायला वीस." ते हसले. "एक मिनिट उरतं की! दाराला हात लावायचा आणि मागे फिरायचं."

"त्यापेक्षा तारकाकांना सांगते, दारच काढून पाठवा."

"पाठवेल तो. बिजागऱ्या मात्र हरवेल."

आम्ही दोघंही हसलो. बाबांना ठसका लागला, मी आत जाऊन पाठीवरून हात फिरवला. दम परत आल्यावर त्यांनी खुर्चीवरचा इस्त्रीचा शर्ट उचलला, त्याची घडी नीट केली आणि माझ्या हातात दिला.

"ठेव कपाटात."

माझी पाच वर्षांची चिमणी दारात बसून पेल्यात बोट घालून बुडबुडे शोधत होती. तिने शर्टाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, मग आजोबांना कुठपर्यंत जाता येईल?"