रुपचंदचा स्टोव्ह

आमच्या घरात पुरुषाने स्टोव्ह पेटवलेला मी कधी पाहिला नाही. माझा लेक रुपचंद तर पाण्याचा तांब्याही जागेवर मागतो. आणि धुळ्याच्या दवाखान्यात हाच पठ्ठ्या, तोंड-छाती भाजलेली, डॉक्टरला सांगतो, "चहा ठेवत होतो, स्टोव्ह भडकला."

डॉक्टर म्हणाला, "या वॉर्डात स्टोव्हने भाजलेल्या बायकाच येतात. पुरुष पहिलाच."

सून बेबाबाई तोंडाला पदर लावून उभी. तिला नवऱ्याने येताना जीपमध्येच पढवलं होतं. मला कोण पढवणार?

चोपड्याला आमच्या केळीच्या बागेत पत्र्याचं शेड आहे. ते रुपचंदने सुरतेच्या एका शेठला भाड्याने दिलं. "गुरांचं औषध बनवतात," म्हणे. सहा महिन्यांत त्या औषधाने गावातलं एकही वासरू उठून उभं राहिलं नाही. नशेच्या गोळ्यांची पावडर शिजते, हे गड्यांना कळलं, मलाही कळलं. भाडं येत होतं, मी तोंड मिटलं. मॅट्रिकला तीनदा आपटलेला माझा हा शहाणा आंबट वासाचं पाणी मापाने ओतायला बसला. पिंप उसळलं. शेठ गाडी घेऊन पळाला, याला उचलायलाही थांबला नाही.

डॉक्टर माझ्याकडे वळला. "आजी, हे रॉकेलचं भाजणं दिसत नाही. काय उडालं ते सांगा. डोळे वाचणं त्यावर आहे."

रुपचंद पुटपुटला, "माय, स्टोच सांग. नहीते पोलीस येतीन."

"येऊ दे. आंधयाले जनमभर कोन पोसी?"

मी वास, पिंप, पावडर, सगळं सांगितलं. नर्सने डोळ्यांत सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या ओतल्या. उजवा गेला, डावा राहिला.

तीन महिने झाले, तिथेच आहोत. मांडीचं कातडं काढून मानेला लावलं. अर्धी औषधं बाहेरून आणायची. माझ्या पाटल्या त्यात गेल्या, केळीच्या एका काढणीचे पैसेही गेले. शेठच्या भाड्यात मलमपट्टीचा खर्चसुद्धा निघाला नाही. त्याचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. पोलीस आलेच; खाटेपाशी हवालदार बसून असतो, त्यालाही चहा आम्हीच पाजायचा.

परवा रुपचंद फणफणला, "माय, तूच माले पकडी दिधं."

"हा. आनि माले आते कोनता डोयानी देखी ऱ्हायना तू?"

त्याने तोंड फिरवलं. मी भाकरीचा घास पुढे केला, तेव्हा मात्र उघडलं.