टाचेखालचा खोका

मी पियानो नाही, मित्रांनो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुमचा हिरमोड व्हायला नको. पियानोची कहाणी सांगायला पुष्कळ जण आहेत. मी त्याच्या पायाशी असतो. खुर्चीवर बसल्यावर ज्या मुलांचे पाय जमिनीला टेकत नाहीत, त्यांच्या पायाखाली सरकवतात तो जुना लाकडी खोका म्हणजे मी. पाय लोंबकळत राहिले की बोटंही धड चालत नाहीत, म्हणून मला बनवलं.

माझा जन्म आमच्या तळ्याकाठच्या संगीतशाळेच्या तळघरात झाला. शाळेची देखभाल करणाऱ्या वेइक्कोच्या घरचा जुना सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची लाकडी खोली, मोडीत निघाला होता. त्या सौनातल्या बाकाच्या फळ्या त्याने टाकून दिल्या नाहीत. त्या तासल्या, जोडल्या आणि मला उभं केलं. उचलायला हलका जावा म्हणून आतून पोकळ ठेवलं. मग मला पियानोच्या वर्गात आणून सिर्कासमोर ठेवलं.

"पोरं याच्यावर उड्या मारतील रे," सिर्का म्हणाली.

"मारू देत की. या फळ्यांनी माझ्या सासऱ्याला तीस वर्षं सोसलंय. तुझी पोरं काय चीज आहेत!"

सिर्का म्हणजे पियानोची शिक्षिका. आमच्याकडे मुलं शिक्षकांना नावानेच हाक मारतात, अरेतुरे करतात, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. दाराशी बूट काढून मुलं आत येत. त्यामुळे मी त्यांना चेहऱ्यांवरून नाही, मोज्यांवरून ओळखायचो. आजीने विणलेले टोचरे लोकरी मोजे, बर्फात भिजलेले मोजे, भोकातून डोकावणारे अंगठे. घाबरलेलं मूल बोटं आत मुडपून घेतं. खोटं बोलणारं मूल एका पायाने दुसरा पाय खाजवतं. मोठ्या माणसांना चेहरा सांभाळता येतो, पाय सांभाळायचं कोणालाच सुचत नाही. हे मला फार लवकर कळलं.

सिर्काची शिकवण्याची रीत मला आवडायची, हे खोटं कशाला सांगू? मूल आलं की ती आधी सुरावटीचं पुस्तक मिटून ठेवायची आणि विचारायची, "आज येताना काय ऐकलंस?" मग मुलाने ते पियानोवर वाजवायचं. कोणी बर्फ उपसणारी गाडी वाजवली. एकाने बापाचं घोरणं वाजवलं, तेव्हा सिर्का हसता हसता खुर्चीवरून घसरायची बाकी होती. त्या हसण्यात कुठलीच लबाडी नव्हती. म्हणूनच पुढचं सगळं मला इतकं लागलं.

हेल्का आठ वर्षांची असताना आली. तळ्याच्या पलीकडे राहायची. अंगावर राखाडी स्वेटर, पायांत लाल मोजे, तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. पट्टीवर बोट ठेवायची तेही अशा बेताने, की जणू ती चावेल. पहिले काही महिने तिची बोटं माझ्यावर मुडपलेलीच असत. मग हिवाळा सुरू झाला, आणि एका दुपारी सिर्काने नेहमीचा प्रश्न विचारला.

"तळं ऐकलं," हेल्का म्हणाली.

"काय म्हणालं तळं?"

हेल्काने सगळ्यात खालचा सूर दाबला, मान हलवली. "असं नाही." पुन्हा दाबला. "असंही नाही." आणि मग तिची टाच उचलली गेली आणि माझ्यावर आपटली. ठक्! थोडं थांबून, ठक् ठक्! वर डाव्या हाताचा तो खालचा सूर. तळं गोठायला लागलं की बर्फ आतून असाच कण्हतो. वर्गातली हवाच बदलली.

सिर्का जमिनीवर बसली आणि तिने माझ्या अंगावर तळवा ठेवला. "अगं, या खोक्यालाही आवाज आहे! इतकी वर्षं माझ्या डोक्यात कसं आलं नाही?"

"हे चालेल?"

"चालेल म्हणजे काय? वेडाबाई, हेच तर हवंय मला! इथे तुला कोणी चूक म्हणणार नाही. मी आहे ना."

मी आहे ना. हे शब्द लक्षात ठेवा, मित्रांनो.

त्या हिवाळ्यात ती रचना वाढत गेली. कधी माझ्या कडेवर टाच, कधी मधोमध, कधी दोन्ही पायांचा हलका ताल. पायाखाली राहायला जन्मलेला मी, चक्क वाजायला लागलो! पियानोला ते जरा झोंबलं असावं. झोंबू दे. हेल्काही बोलायला लागली. बाबांनी बर्फाला भोक पाडून मासा कसा धरला, मांजराने तो कसा पळवला, सगळं सांगायची. तिची बोटं आता माझ्यावर ऐसपैस पसरलेली असत.

वसंतात परीक्षा असते. नेमलेल्या रचनांबरोबर स्वतःची एखादी वाजवली तरी चालते. हेल्काने दहादा विचारलं असेल, "खोका वाजवू ना? नक्की?" आणि सिर्का दर वेळी म्हणायची, "बिनधास्त वाजव." परीक्षेच्या दिवशी सिर्काने मला स्वतः काखेत मारून सभागृहात नेलं. त्या वर्षी सिर्काची नोकरी पक्की व्हायची होती, आणि मोठ्या शहरातून आलेल्या परीक्षकांचा शब्द त्यात चालणार होता. हे मी वेइक्कोच्या तोंडून ऐकलं होतं. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही.

हेल्काने नेमलेलं सगळं नीट वाजवलं. मग तळं सुरू झालं. ठक्! ठक् ठक्!

"थांब, थांब," परीक्षकांनी पेन्सिल टेबलावर वाजवली. "हे पायांचं काय चाललंय?" आणि सिर्काकडे वळून, "ही सवय तुम्ही लावलीत हिला?"

मी जमिनीवर होतो. मला सिर्काचे पाय दिसत होते. ते हळूच खुर्चीखाली गेले. मग एका पायाने दुसरा पाय खाजवला.

"छे, छे," ती हसून म्हणाली. "कितीदा सांगितलं हिला, पाय शांत ठेव म्हणून. घरीच कुठेतरी लागलीय ही खोड."

हेल्काची टाच माझ्यावर उचललेली होती. ती तशीच अधांतरी राहिली. मग झोपलेल्या मांजराशेजारी पाय ठेवावा तशी, अजिबात आवाज न करता, ती खाली आली. उरलेलं तळं तिने माझ्याशिवाय वाजवलं. ती चांगल्या गुणांनी पास झाली. वेलदोड्याचे गोड पाव वाटले गेले.

मला परत नेताना सिर्काने तिला बोळात गाठलं. "हेल्का, अगं, लोकांसमोर कधी कधी असं म्हणावं लागतं. आपलं आपल्याला माहीत आहे ना?"

"काय माहीत आहे?" हेल्का म्हणाली आणि खाली वाकून बूट घालू लागली.

पुढच्या आठवड्यात वेइक्को लोकर दाबून केलेला जाड नमदा आणि सरस घेऊन आला.

"कशाला गं? चांगला वाजतो की हा."

"वाजतो म्हणूनच लाव."

तो कुरकुरला, पण त्याने तो माझ्या वरच्या फळीवर लावला. ज्या हातांनी मला पोकळ ठेवलं, त्यांनीच माझं तोंड बंद केलं. त्या दिवशी हेल्का आली, बसली, आणि तिने एकदाच टाच टेकवून पाहिली. काहीच वाजलं नाही. तिने सिर्काकडे पाहिलं. सिर्का पुस्तकाची पानं उलटत होती.

त्यानंतर हेल्का जे समोर ठेवतील ते वाजवत गेली, आणि सुंदर वाजवत गेली. मे महिन्याच्या कार्यक्रमात टाळ्या थांबेनात. सिर्का डोळे पुसत पालकांना म्हणाली, "आम्ही मुलांच्या कल्पनेला मोकळं सोडतो." माझ्यावरचे ते दोन पाय मात्र कोणीतरी विसरून गेलेल्या बुटांसारखे पडले होते. नंतर हेल्का आलीच नाही. हॉकी खेळते म्हणे. "कंटाळली असेल, मुलं अशीच," असं सिर्काने सांगून टाकलं. तिची नोकरी पक्की झाली. मला राग आला होता, मित्रांनो, आणि तो अजून गेलेला नाही.

आता माझे कोपरे झिजलेत, नमदाही काळा पडलाय. काल एक नवी चिमुरडी आली, उलटे मोजे घातलेली. तिची टाच चुकून माझ्या बाजूच्या फळीला लागली. तिथे नमदा नाही. ठक्!

"सिर्का, हा वाजतो! वाजवू?"

सिर्काने समोरचं पुस्तक मिटलं. मग तिने अगदी मायेने म्हटलं, "वाजव की. मी आहे ना."

मला रंग नको, नवे खिळे नकोत. एवढंच मागतो: तुम्ही कोणाला 'मी आहे ना' म्हणालात, तर चारचौघांत कोणी विचारल्यावरही 'हो, मीच शिकवलं' म्हणा. ते जमणार नसेल, तर पहिल्याच दिवशी नमदा लावा. ज्याला कधी वाजूच दिलं नाही, त्याला गप्प बसणं एवढं जड जात नाही.