नाकतोड्याचा पाय

नाकतोड्याचा पाय कट्कन तुटला आणि म्हातारा घाबरला.

तसं पाहिलं तर नाकतोड्याचा पाय तुटणं ही काही घाबरून जावं अशी गोष्ट नव्हे. गळाला लावायचं आमिष विकणाऱ्या घरात असे पाय रोज तुटतात आणि केरात जातात. पण ही बरणी तयार मालाची होती. तयार मालाचा पाय वाकतो आणि सोडला की सावकाश जागेवर येतो. म्हाताऱ्याने चिमट्याने दुसरा नाकतोडा उचलला, दोन बोटांत धरून वाकवला. तोही मोडला. तिसराही मोडला. चौथा उचलायचा त्याला धीर झाला नाही.

या घरात दोन पाण्यांना नावं होती. कडक पाणी आणि गोड पाणी. कडक पाणी म्हणजे साध्या पाण्यात मिसळलेलं फॉर्मॅलिन. त्यात किडे बुडवले की सडत नाहीत, पण काडीसारखे ताठ होतात. मग ते नळाखाली मनसोक्त धुवायचे आणि गोड पाण्यात, म्हणजे पातळ केलेल्या ग्लिसरिनात मुरत ठेवायचे. रात्रभरात अंग मऊ पडतं, रंग टिकतो, आणि माशाला संशय येत नाही. मासा नाकाचा फार तिखट. कडक पाण्याचा मागमूस जरी राहिला, तरी गळाजवळ येऊन तोंड फिरवून निघून जातो.

दोन्ही पाणी दिसायला सारखी आणि दोन्ही कॅनही सारखे. सुनेने मागे एकदा त्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला घेतल्या होत्या, तेव्हा म्हाताऱ्याने ते हसण्यावारी नेलं होतं. आपल्या नाकावर बोट ठेवून म्हणाला होता की चिठ्ठी इथे जन्मतःच लावून मिळाली आहे. ते खोटंही नव्हतं. तळ्यावर गळ टाकणारी सगळी मंडळी त्याला नाकवाले म्हणायची. दुसऱ्या दुकानातला डबा आणून त्याच्या नाकाखाली धरायची, आणि माल धुवायला कुणी कुठे कंटाळा केला हे तो बसल्या जागी सांगायचा. सांगताना भावही पुष्कळ खायचा.

गेल्या हिवाळ्यात त्याला ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. आज येईल, उद्या येईल म्हणून त्याने वाट पाहिली. आला नाही. हे त्याने कुणालाही कळू दिलं नाही. दूध नासलं की सुनेचा चेहरा आधी बघायचा आणि मग आपण नाक मुरडायचं, असं त्याचं चाललं होतं. मागच्या खोलीत त्याने कडक पाण्याचा कॅन डावीकडे ठेवला, गोड पाण्याचा उजवीकडे, आणि झाकण उघडल्यावर सवयीने हुंगायचं नाटक करत राहिला. डोळ्यांना पाणी यायचं, पण ते त्या खोलीत सगळ्यांना नेहमीच यायचं. सांगायची सोय नव्हती. परगावी नोकरी करणाऱ्या मुलाने बजावूनच ठेवलं होतं की बाबांकडून पाण्यांची अदलाबदल झाली, की त्या दिवशी मागची खोली बंद, आणि दुकानात प्लॅस्टिकचे किडे. त्या खोलीवाचून म्हाताऱ्याने दिवसभर करायचं काय?

काल सुनेने खोलीची फरशी पुसली होती.

हे आत्ता त्याच्या डोक्यात आलं. फरशी पुसायची म्हणजे कॅन उचलायचे आणि पुन्हा ठेवायचे. कुठला कुठे, याची ती कशाला फिकीर करील? सासरे वास घेऊनच ओततात ना. म्हाताऱ्याने उजवीकडच्या कॅनमध्ये बोट बुडवलं आणि अंगठ्यावर घासलं. ग्लिसरीन बोटांना चिकटतं. हे चिकटलं नाही.

काल संध्याकाळी त्याने याच कॅनमधून ही बरणी भरली होती. बरणी गेली तर गेली. पण आज सकाळी लेक आली होती, कडेवर भोपळ्याला घेऊन. भोपळ्या म्हणजे तिचा मुलगा, नुकता चालायला लागलेला, गालांवरून हे नाव पडलेला. त्याचं तोंड आलं होतं, जिभेवर फोड होते, दोन दिवस धड खात नव्हता. तोंड आलं की या घरात गोड पाण्याचा बोळा फिरवायचा, हे लेकीला लहानपणापासून माहीत. तिने छोटी बाटली पुढे केली आणि म्हाताऱ्याने याच कॅनमधून ती भरून दिली. वर झाकण लावण्याआधी हुंगलीसुद्धा. लेक जाताना म्हणाली होती की आत्ता हात लावू देणार नाही, दुपारी झोपून उठला की जरा नरम असतो, तेव्हा लावते.

दुपार उलटत आली होती.

त्याने फोन लावला. घंटा वाजत राहिली आणि बंद झाली. पुन्हा लावला. मग आठवलं की पोर झोपलं की लेक फोनचा आवाज बंद करून ठेवते. त्याने हात पँटला पुसले आणि दुकानात आला. गल्ल्यावर सून एका गिऱ्हाइकाला गळ दाखवत होती. तिने कुठे निघालात म्हणून विचारलं. सांगायची वेळ हीच होती. पण समोर गिऱ्हाईक उभं, तेही जुनं, नाकवाल्यांचं कौतुक करणारं, आणि म्हाताऱ्याच्या तोंडून भलतंच निघून गेलं. पाय मोकळे करून येतो, म्हणाला.

लेकीचं घर पुलापलीकडे होतं. म्हातारा निघाला तो जवळजवळ पळतच. शिंप्याच्या दुकानापर्यंत गुडघ्याने साथ दिली, पुढे द्यायची नाही असं ठरवलं. भिंतीला हात टेकून तो उभा राहिला. पूल अजून दिसतही नव्हता. शिंप्याची मोटरसायकल दारातच उभी होती. शिंप्याने मशीन थांबवून काय झालं म्हणून विचारलंही. काय झालं ते सांगितलं असतं तर तो लगेच उठला असता. म्हाताऱ्याने तोंड उघडलं, आणि ऊन फार आहे, असं काहीतरी बोलला.

मग त्याला स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. तिकडे पोर कूस बदलत असेल, आणि इकडे हा आपलं नाक सांभाळत बसला होता. पुढे पूल लांब होता आणि मागे दुकान जवळ. दुकानात सुनेची स्कूटर होती. शिंप्याला सगळं पहिल्यापासून समजवावं लागलं असतं, कडक पाणी म्हणजे काय हे तिला दोन शब्दांत कळलं असतं. तो वळला आणि लंगडत लंगडत परत निघाला.

गिऱ्हाईक अजून तिथेच होतं. आता त्याची पर्वा करायला म्हाताऱ्याच्या अंगात त्राण नव्हतं.

"मला वास येत नाही," तो म्हणाला.

सुनेला कळलं नाही. "कसला वास, बाबा?"

"कसलाच नाही. तापापासून नाक गेलंय माझं. सकाळी ताईला बाटली दिली ना, ती कडक पाण्याची आहे."

सुनेच्या हातातले गळ गल्ल्यावर पडले. तिने गिऱ्हाइकाला दुकानात तसंच उभं ठेवलं, किल्ली घेतली आणि स्कूटर रस्त्यावर काढली. "बसा," एवढंच म्हणाली. म्हातारा मागे बसला आणि त्याने तिचा खांदा पोरासारखा गच्च धरला.

पुलावर एक ट्रक आडवा घालून कुणी माल उतरवत होतं. सुनेने स्कूटर पादचाऱ्यांच्या फरशीवर चढवली आणि लोकांच्या शिव्या खात पुढे काढली. वाटेत तिने एकदाच मान वळवून विचारलं की ताई लावणार कधी होत्या. झोपून उठल्यावर, म्हाताऱ्याने सांगितलं. तिने स्कूटर आणखी पळवली.

लेकीच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत पंखा फिरत होता. लेक कुठे दिसेना. गादीवरची चादर सुरकुतलेली, आणि खाली फरशीवर, बुटक्या स्टुलाला टेकून भोपळ्या बसला होता. स्टुलावर ती बाटली होती. झाकण बाजूला पडलं होतं. बाटली कलंडली होती, आणि कापसाचा बोळा भोपळ्याच्या मुठीत होता. त्याची हनुवटी ओली होती. आजोबांना बघून तो हसला.

म्हातारा गुडघ्याचं दुखणं विसरून खाली बसला. आधी बोळा हिसकावून लांब फेकला. मग पोराला उचललं आणि जे आयुष्यभर केलं तेच केलं. त्याच्या उघड्या तोंडाला नाक लावून खोल श्वास घेतला.

काही नाही. त्याने पुन्हा घेतला. पोराचा श्वास नाकात ऊन ऊन लागत होता, त्याला वास मात्र कसलाच नव्हता. दूध की विष, काही म्हणजे काही कळत नव्हतं. दुसऱ्याच्या डब्यात कुणी आळस केला ते सांगणारं नाक नातवाच्या तोंडाशी फुकट गेलं होतं. म्हाताऱ्याला रडू फुटलं. त्याने पोराला दोन्ही हातांनी सुनेपुढे धरलं.

"तू बघ," तो म्हणाला. "मला नाही कळत. तू बघ."

सुनेने भोपळ्याचं तोंड हुंगलं. ओठ हुंगले, हनुवटी हुंगली, बोट घालून जीभ बाहेर काढवली आणि तीही हुंगली. म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत राहिला, नासक्या दुधाच्या वेळी बघायचा तसा. फरक इतकाच की आता तो लपून बघत नव्हता.

"दुधाचा येतोय," ती म्हणाली. "नुसता दुधाचा." मग तिने त्याची मूठ हुंगली आणि तिचा चेहरा बदलला. ती त्याला तशीच उचलून मोरीत घेऊन गेली आणि नळ मोठा सोडून दोन्ही हात कोपरापर्यंत धुवायला लागली. हात धरून ठेवल्याचा भोपळ्याला राग आला आणि त्याने भोकाड पसरलं.

त्या आवाजाने लेक गच्चीवरून धावत आली, खांद्यावर वाळलेले कपडे. रडकं पोर, मोरीत वहिनी, फरशीवर बसलेले बाबा. तिला काही उमजेना. सुनेने तिला आधी एकच विचारलं, औषध लावलं का. लेक म्हणाली की नाही, उठल्याबरोबर भूक भूक करायला लागला म्हणून आधी दूध पाजलं, बोळा नुसता तयार करून ठेवला होता, कपडे काढून आले की लावणार होते. सुनेने स्टुलावरची बाटली उचलली, नाकापासून हातभर लांब धरली आणि थोडक्यात काय झालं ते सांगितलं. बाबांच्या नाकाचंही सांगितलं.

लेकीने कपडे गादीवर टाकले. ती बाबांसमोर फरशीवर बसली, आणि रागवावं की काय करावं हे तिला कळेना.

"बाबा, उघडली तेव्हा मला वास आला होता," ती म्हणाली. "चांगला झोंबला नाकाला. पण म्हटलं, तुम्ही हुंगून दिलीये. माझंच नाक चुकत असेल."